बोट बोलूलालंय

पहाटे पाचला आई मूठ उघडते
तेव्हा चार बोटं येतात, एक येत नाही.
अनामिका.
डाव्या हाताने ती तिला धरते,
शाळेला न जाणाऱ्या पोराला उंबऱ्यातून ओढावं तशी,
आणि टक्.
भिंतीपलीकडे चिलवेरी मावशींनाही ऐकू जातं.
"बोट बोलूलालंय," आई म्हणते, "काय म्हणतंय कळंना."

सिव्हिलमध्ये म्हणाले, ट्रिगर फिंगर.
ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप, मी सांगितलं.
ती बराच वेळ हाताकडे बघत राहिली.
चाळीस वर्षं कातर धरली,
फर्मा ठेवून तेंदूच्या पानाच्या कडा छाटल्या,
चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा,
नखाने तोंड मुडपलं.
बंदूक कधी धरली?
इंजेक्शन नको म्हणाली. ऑपरेशनचं नाव काढलं तर,
"हजार कोण पुरं करणार मग, तुझा बाप?"
बाप फोटोत होता. हसत होता.

म्हणून हे जोडभावी पेठेतलं,
सायकलच्या दुकानावरचं, लोखंडी जिन्याचं,
बिराजदार डॉक्टरीणबाईंचं एका खाटेचं क्लिनिक.
भिंतीवर उघडा चिनी माणूस, अंगभर ठिपके.
"याला देवी आल्त्या का?"
बाई हसल्या. खोटं मात्र बोलल्या नाहीत.
"सुईनं काहींना उतार पडतो, काहींना नाही.
सहा वेळा या. बघू."
एका वेळेचे पैसे आईने बिड्यांत मोजले.
ओठ हलत गेले, दीड हजारावर थांबले.

सुया केसाएवढ्या.
बोटाच्या बुडाशी हरभऱ्याएवढी गाठ लागते,
तिथे पहिली.
ओकटी, आई पुटपुटली. मग रेंडू. मूडू.
मराठीत भांडते ती, कन्नडमध्ये भाजी घेते,
मोजते अजून माहेरच्या तेलुगूत.
नालुगू मनगटाजवळ. तिथे गप्प झाली.
"दुखतंय?"
"मुंग्या. कोपरापर्यंत चालल्यात.
साखर कुठं सांडलीय त्यांनाच ठाऊक."

वीस मिनिटं हलवायचं नाही, म्हणून बाई पडद्याआड गेल्या.

आता नीट ऐका.
आईचा हात रिकामा मी कधी पाहिला नव्हता.
तापात वळायची. झोपेत चादरीचा काठ वळायची.
भावाच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना,
चिमटीत अक्षता धरून अंगठ्याने
वळत होती, वळत होती,
आणि सगळ्यांनी टाकल्या तरी तिच्या हातात उरल्या.
आणि इथे, हिरव्या रेक्झिनवर,
उताणा पडला होता तो हात,
तळव्याच्या रेघांत तंबाखू, वर चार सुया.
खाली कुणी पंक्चर काढत होतं,
ट्यूबमधून हवा निवांत जात होती.
वीस मिनिटांत तीस बिड्या होतात.
झाल्या नाहीत.
आई आढ्याकडे बघत हळूच म्हणाली,
"असं पडून राहायचे पैसे घेतात व्हय बाई?
कमीच घेतात."

सुया काढल्यावर तिने डब्यात वाकून बघितलं.
"टाकून देता? एवढी चांगली सुई?
द्या की, ब्लाउजला काज करते."
"हिला नेढं नसतं मावशी."
जिना उतरताना मधेच थांबली.
"नेढं नसलेली सुई," स्वतःशीच म्हणाली,
"म्हंजे दोरा आपणच."

सहावी बैठक काल झाली.
आज पहाटे तिने मला हलवून उठवलं,
मूठ माझ्या कानाला लावली
आणि उघडली.
मला काही ऐकू आलं नाही. किंवा आलं, फार लांबून.
सुयांमुळे, की मिठाच्या गरम पाण्याने,
की तीन आठवडे मी कातर माळ्यावर लपवली म्हणून,
कोण सांगणार.
"थांबलं का बोलायचं?"
"थांबलं कुठलं. कुजबुजूलालंय."

मग तिने सूप पुढे ओढलं,
माळ्याकडे बघितलं,
आणि माझ्याकडे.